ना लाइट, ना नळ: नाशिकजवळच्या जंगलात दोन रात्री राहायचं तर

गेल्या दोन-तीन वर्षांत सोसायटीतल्या, ऑफिसातल्या, माहेरच्या ग्रुपवरच्या कितीतरी जणींनी मला एकच प्रश्न विचारलाय, की तुम्ही ते जंगलात राहायला जाता ना, तिथं लाइट नसते, बाथरूम नसतं, मग मुलांना घेऊन कसं काय जमवता. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढावं, लांबलचक होईल पण उपयोगी पडेल.

आधी कसली जागा ते सांगते. धरणाकाठी रांगेत लावलेले तंबू, रात्री बारापर्यंत स्पीकर, बुफे, ते हे नाही. मी म्हणतेय ती म्हणजे गावाला लागून जंगलाच्या कडेची सपाट जागा, गावच्या वन समितीची नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची स्वतःची, एक हातपंप, पत्र्याचा एक संडास (कधी तोही नाही), बसायला एखादा ओटा, बस. लाइट नाही, रेंज आली तर आली. अशा जागा नाशिकच्या पश्चिमेला बऱ्याच आहेत, गिरणारेवरून वाघेरा घाटातून हरसूलकडे, त्र्यंबकच्या पुढे, पेठ-सुरगाण्याकडे, आणि खाली घोटी-वैतरणा बाजूला. नेमकी जागा मी इथे लिहीत नाहीये, मुद्दामच, कारण पाच तंबूंची जागा असते आणि एका रविवारी तीस गाड्या आल्या की तिथली शांतता संपते आणि हातपंपावर गावातल्या बायका ताटकळतात. गावात जा, विचारा, लोक सांगतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा: उजेडात पोचा. चार वाजता जागेवर. साडेचार चालेल, पाच म्हणजे घाई. आमची पहिली वेळ, डिसेंबर होता, नाशिकमधून निघायलाच चार वाजले, वाटेत चहा, पेट्रोल, कुणाची तरी राहिलेली औषधं, आणि पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत असाल तर त्याच्याही आधी. गाडीच्या हेडलाइटमध्ये तंबू लावला, खुंट्या दगडावर ठोकत बसलो, धाकटा भुकेने रडायला लागला, पाणी कुठे ते माहीत नाही. जागा बघणारे बाबा कंदील घेऊन आले, त्यांनी काही न बोलता दुसऱ्या जागी चटई अंथरून मुलांना बसवलं आणि मग मला म्हणाले, "ताई, उजेड हाये तवर समदं मांडून घ्यायचं, मंग खुशाल बसायचं. रात्री जंगलात काही शोधायचं नसतं." सकाळी बघितलं तर आमचा तंबू पावसाळी ओहोळाच्या वाटेत, उताराला, आणि चार हातांवर मुंगळ्यांचं वारूळ. तेव्हापासून मी सगळं त्या एका वाक्याच्या हिशोबाने करते. सोयी नसलेल्या जागेत सगळी कामं उजेडाची असतात, अंधार फक्त बसायला आणि झोपायला.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. एवढंच. पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरी भागात जो पाऊस पडतो त्यात तंबू टिकत नाही आणि ओहोळ कधी फुगेल सांगता येत नाही, दुगारवाडीच्या धबधब्याला पाणी वाढून लोक अडकल्याच्या बातम्या आपण वाचल्यातच. होळीनंतर गवत वाळून कागदासारखं होतं, वणव्याचे दिवस, चूल पेटवायचीच भीती, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच गावांमध्ये पाण्याचे हाल असतात, बायका दोन दोन किलोमीटरवरून हंडे आणतात, अशा वेळी आपण जाऊन त्यांच्या हातपंपावर हात धुणं बरं दिसत नाही. मेच्या शेवटी काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गर्दी होते, ते वेगळं प्रकरण, त्यात मुक्कामाला शांत जागा मिळणं कठीणच.

चंद्र बघून तारीख ठरवा हा माझा आग्रह. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर टॉर्चशिवाय फिरता येतं, मुलं लहान असतील तर पहिल्यांदा तेच बरं, भीती कमी वाटते. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाश. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, आणि चंद्र नसेल तर चटईवर आडवं पडून तासाभरात मुलांनी मोजलेले आकडे बोटांवर मावत नाहीत. नुसतं मृग नक्षत्र दाखवायचं म्हटलं तरी पुरे, मधले तीन तारे म्हणजे बाण, त्या रेषेत खाली गेलं की लखलखणारा व्याध. गंगापूर रोडच्या गच्चीवरून व्याध दिसतो पण असा नाही दिसत.

परवानगी

हे टाळू नका. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करायचा नसतो, आणि तिथे जाळ करणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. गडांवर, अभयारण्यात, अंजनेरी-बोरगडसारख्या संवर्धन राखीव भागात तर आपल्या मनाने तंबू ठोकायचाच नाही, तिथे गिधाडं आहेत, अंजनेरीवर जगात दुसरीकडे कुठे नसलेली कंदीलपुष्पाची जात आहे, आपल्या एका रात्रीच्या हौसेपायी तिथली माती तुडवायला नको. म्हणून समितीची किंवा खासगी मालकीची जागा घ्या, आधी फोन करा, दिवसा एकदा जाऊन बघून आलात तर उत्तम, जे काही शुल्क असेल त्याची पावती मागा. गावात पोचल्यावर पोलीस पाटील किंवा सरपंचांच्या कानावर घाला की इतके जण आहोत, दोन रात्री आहोत. हे नुसतं औपचारिकता म्हणून नाही, रात्री काही झालं तर धावत येणारे तेच असतात.

घरी पण एकाला कागदावर लिहून द्या, जागा कुठली, गाडी नंबर, कधी परत येणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल नाशिकमध्येच फुल करा.

पाणी

हिशोब सोपा आहे, पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला पाच लिटर. आम्ही चौघं, दोन रात्री, म्हणजे वीस लिटरचे दोन जार घरून. हातपंप आहे म्हणून रिकामे जाऊ नका, पंप नादुरुस्त निघाला तर काय करणार. पंपाचं पाणी वापरायला घ्या, प्यायला घ्यायचंच झालं तर फडक्याने गाळून खळखळून उकळी आली की निदान मिनिटभर तशीच ठेवायची. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत, हे आमच्या सासूबाईंनाही पटवायला वेळ लागला. मेडिक्लोरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या थेंबांची, बाटली जवळ असू द्या, थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढेच.

हात धुवायला एक युक्ती, ही मला फार आवडते. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, धुवून, खालच्या बाजूला खिळा तापवून एक बारीक भोक पाडा, पाणी भरून झाडाला टांगा. झाकण घट्ट असलं की पाणी थांबतं, झाकण जरा सैल केलं की भोकातून बारीक धार येते. शेजारी सुतळीला साबणाची वडी बांधायची. मुलांना तो नळ इतका आवडतो की न सांगता हात धुतात, आणि पाच लिटरमध्ये चौघांचा अख्खा दिवस निघतो. साबणाचं पाणी मात्र ओढ्यात जाता कामा नये, ओढ्यापासून लांब, मातीत.

संडास

हा प्रश्न सगळ्याजणी हळू आवाजात विचारतात, म्हणून मी मोठ्याने सांगते. पत्र्याचा संडास असेल तर छान, बादली-मग आपला न्या, आत जाण्याआधी टॉर्च कोपऱ्यात आणि पत्र्याच्या वरच्या पट्टीवर फिरवा, पाल, विंचू, कधी साप ऊबेला येऊन बसतो. नसेल तर खुरपं न्या. पाण्यापासून साधारण सत्तर पावलं लांब, वाटेवर नाही, कुणाच्या शेतात नाही, वीतभर खोल खड्डा करायचा, झालं की माती लोटून वर दगड ठेवायचा. टिश्यू वापरले असतील तर ते पुरायचे नाहीत, कुत्री-रानडुकरं उकरून काढतात, ते वेगळ्या पिशवीत परत. सॅनिटरी पॅडचंही तेच, कागदात गुंडाळून झाकणाच्या जुन्या डब्यात, डबा घरी. जाळायचे पण नाहीत. आमच्या मुलींच्या ग्रुपमध्ये आम्ही एक जुना दुपट्टा दोन झाडांमध्ये बांधून आडोसा करतो, दुपट्टा दिसला की कुणीतरी आहे, नसला की जागा रिकामी.

रात्री मात्र एकटं जायचं नाही. दोघी जा, टॉर्च लावून, बोलत बोलत. आपला अख्खा जिल्हाच बिबट्याचा आहे, निफाड-सिन्नरच्या उसात आहे तसा इकडच्या जंगलातही आहे, आणि अंधारात खाली बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, लहान जनावर वाटतं, हे गावातले लोक कायम सांगतात. उभा माणूस, बोलणारा माणूस दिसला की तो सहसा आपली वाट बदलतो. झोपण्याआधी सगळ्यांनी एकदा जाऊन यायचं हा आमचा नियम, म्हणजे मध्यरात्री उठावं लागत नाही. आणि कुत्रा सोबत नेऊ नका, कितीही लाडका असला तरी, बिबट्यासाठी ते आमंत्रण आहे.

तंबू

जागा निवडताना आधी वर बघा, मग खाली. वर वाळलेली फांदी नको. खाली वारूळ, मुंग्यांची रांग, गुरांची वाट, पाण्याने झालेली घळ नको. तिथे पाठीवर सरळ झोपून बघा, दोन मिनिटं, उतार पाठीला लगेच कळतो, थोडा असेल तर डोकं चढाकडे. काटक्या-खडे हाताने वेचा, झाडू घेऊन पालापाचोळा सगळा साफ करू नका, त्याखालीच बरंच काही जगत असतं आणि तो मऊपणाही आपल्याच कामाचा.

तंबूखालचं प्लास्टिक तंबूपेक्षा बाहेर आलं की दवाचं पाणी त्यावर साठून आत येतं, म्हणून कडा आत दुमडा. दार वाऱ्याकडे नको. आपल्याकडे मातीखाली काळा दगड लागतो, खुंटी जात नाही, तर दोरी मोठ्या दगडाला बांधा, हट्टाने ठोकून खुंटी वाकवू नका. वरच्या जाळीच्या खिडक्या थंडी असली तरी थोड्या उघड्या ठेवायच्या, नाहीतर पहाटे श्वासाचं पाणी छताला लागून अंगावर ठिबकतं, आणि सगळे म्हणतात तंबू गळतो.

थंडीचं गणित असं की थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. दोन ब्लॅंकेटं असली तर एक खाली घाला. फोमची चटई सगळ्यात बरी, नसेल तर गोणपाट आणि वर घोंगडी. नोव्हेंबर-डिसेंबरात भात झोडून झालेला असतो, गावात पेंढा मिळतो, तो तंबूखाली चार बोटं पसरला की गादीच, पण तो गुरांचा चारा आहे, न विचारता उचलायचा नाही, पैसे देऊन घ्या आणि सकाळी कोरडा परत द्या. झोपताना दिवसभराचे कपडे बदला, घामाने दमट झालेले असतात, त्यातच थंडी वाजते. कानटोपी, कोरडे मोजे. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून मुलांच्या पायाशी ठेवते मी, पहाटे तेच कोमट पाणी तोंड धुवायला. निफाडला पारा पाच-सहावर गेल्याची बातमी असते त्या आठवड्यात इकडे डोंगरातही गंमत नसते, जास्तीची घोंगडी घ्या.

आणि हे हात जोडून सांगते, कितीही थंडी असली तरी शेगडी, कोळसे, निखाऱ्यांचं घमेलं तंबूच्या आत न्यायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

चूल

गॅसची छोटी शेगडी न्याच, पहाटेच्या चहाला चूल पेटवत बसणं जमत नाही. पण रात्रीचं चुलीवर करायला सगळ्यांना आवडतं, तर जागेवर आधीची चूल असेल तीच वापरा, नवीन काळा डाग पाडू नका. लाकडं जंगलातून तोडायची नाहीत, पडलेलीही गोळा करत हिंडू नका, गावात मोळी विकत मिळते, त्या मावशी ती डोक्यावरून आणतात, घासाघीस करू नका.

दगडांचं एक सांगते कारण हे आमच्या डोळ्यांदेखत झालंय. एकदा चुलीला तीन दगड हवे होते, माझ्या दिराने ओढ्यातले छान गोल गुळगुळीत आणले. भात चढवला, दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, फटाक्यासारखा आवाज झाला आणि एका दगडाची कपची उडून थेट पाच फुटांवरच्या ताटात. मुलगी तिथेच बसली होती. ओढ्यातल्या दगडात पाणी मुरलेलं असतं, त्याची आत वाफ होते आणि दगड फुटतो. कोरड्या जागेवरचे, उन्हात पडलेले, ओबडधोबड दगड घ्या, किंवा सरळ घरून लोखंडी तिवई.

चुलीभोवती दोन-तीन हात गवत काढून माती उघडी करा, पाण्याची बादली भरून शेजारी, मग काडी ओढा. वारा सुटला तर विझवा, जेवण शेगडीवर करा. झोपताना नुसतं "विझलंय" म्हणून जाऊ नका, पाणी ओता, काठीने ढवळा, परत पाणी, मग राखेवर हाताचा पंजा पालथा धरून बघा, ऊब लागली तर अजून पाणी. कुठल्याही वणव्याच्या मागे असा एखादा निखारा असू शकतो, आणि जळतं ते नुसतं गवत नाही, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सरडे, पुढच्या पावसाची सगळी रोपं.

खाणं

निम्मं काम घरी. कांदा-लसूण घरून सोलून, भाज्या चिरून डब्यात, पुड्यांची वेष्टणं घरीच काढायची, जितका कचरा न्याल तितका परत आणायचाय. पहिल्या रात्रीला दशम्या, त्या दोन दिवस मऊ राहतात, सोबत ठेचा, दाण्याची चटणी. खिचडीचं सगळं एका डब्यात कोरडं मिसळून न्यायचं, तांदूळ, मूगडाळ, हळद, तिखट, मीठ, तिथे फोडणी दिली की झालं.

माझं हुकमी म्हणजे पिठल्याचं तयार पीठ. वाटीभर बेसन मंद आचेवर कोरडंच भाजायचं, खमंग वास येईपर्यंत पण रंग जाऊ द्यायचा नाही, गार झालं की तिखट, हळद, मीठ, जिरेपूड, सुकवलेली लसूण हाताने चोळून घालायची आणि डब्यात भरायचं. जंगलात तेलात मोहरी-मिरची तडतडली की अडीच-तीन वाट्या पाणी, उकळी, मग एका हाताने पीठ भुरभुरायचं दुसऱ्या हाताने ढवळायचं, गुठळी झाली तर होऊ दे. सात मिनिटांत चार माणसांचं जेवण. भाकरी मात्र गावात सांगून ठेवा, कुणीतरी मावशी नागलीच्या करून देतात, सोबत खुरासणीची चटणी, गरम गरम, त्याला तोड नाही, आणि त्यांना दोन पैसे मिळतात. सकाळी सहाला सांगून संध्याकाळी मागू नका म्हणजे झालं, आदल्या दिवशी सांगा, किती भाकरी ते नक्की सांगा.

चिवडा, शेंगदाणे, गूळ, पेरू, जानेवारीनंतर गेलात तर द्राक्षं. दारू नको, खरंच नको. आपण लोकांच्या घराच्या अंगणात असतो.

भांडी राखेने घासा, चुलीची राख असतेच, तेलकटपणा झकास निघतो आणि साबण लागत नाही. खरकटं फेकायचं नाही, माकडांना तर अजिबात घालायचं नाही, एकदा चटक लागली की पुढच्या माणसाचा तंबू फाडतात. रात्री खाण्याचं सगळं गाडीच्या डिकीत, तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको, उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

साप, विंचू

घाबरायचं नाही, सवयी लावायच्या. बूट तंबूच्या आत, सकाळी उलटे करून आपटून मगच पाय घालायचा. तंबूची चेन प्रत्येक वेळी पूर्ण बंद, "लगेच येतोय" म्हणून अर्धी उघडी नाही. लाकडाच्या मोळीत हात घालण्याआधी काठीने हलवा. अंधारात प्रत्येक पावलापुढे टॉर्च. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि त्याचा दंश बरेचदा दुखतही नाही, म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपायची हौस करू नका.

चावलाच तर, कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ काढा, हात-पाय हलू न देता फळीला सैल बांधा, चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि सरकारी दवाखाना गाठा. १०८ ला फोन लावा, पण रेंज नसेल तर वाट बघत बसू नका, गाडी काढा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. निघण्याआधीच जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठलं आणि किती वेळ लागतो हे बघून ठेवा, रात्री बघत बसायचं नाही. याच कारणासाठी गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावते मी, चावी तंबूत एकाच ठरलेल्या जागी, हे घरातल्या सगळ्यांना माहीत. वन्यप्राणी दिसला, जखमी सापडला, वणवा दिसला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

शांतता

स्पीकर घरी ठेवा. मोबाइलवर पण गाणी नकोत. मुलं कंटाळतील असं वाटतं, पहिला एक तास कंटाळतातही, मग आपोआप कान उघडतात. टॉर्च बंद करून ओट्यावर दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही असं ठरवा. आधी फक्त रातकिडे. मग लांबून एकसारखं चक-चक-चक, फरशीवर गोटी टाकल्यावर ती उड्या मारत थांबते ना तसं शेवटी जवळ जवळ येणारं, तो रातवा पक्षी. पिंगळ्यांचं भांडण. एकदा खालच्या नाल्यातून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा पण जाडा, तुटक आवाज आला, मुलगा म्हणाला गावातलं कुत्रं, तर जागा बघणारे बाबा कुजबुजले, "भेकर हाये. त्याला काहीतरी दिसलंय." कुणी हललं नाही. तो आवाज सात-आठ वेळा आला, मग थांबला, आणि रातकिडेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. माझी मुलगी आता दहावीला आहे, ती अजून त्या रात्रीबद्दल बोलते.

उजेडासाठी डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाला एक, सेल जास्तीचे, तंबूत एक छोटा सोलर कंदील, बस. पांढरा झगझगीत दिवा तंबूवर टांगला तर सगळे किडे तिथे आणि तारे गायब. मोबाइल टॉर्च म्हणून वापरू नका, सकाळी फोन लावायला बॅटरी हवी.

निघताना

तंबू ऊन लागून दव सुकलं की मगच गुंडाळा, ओला गुंडाळलात तर आठवड्यात बुरशीचा वास. खड्डे बुजवलेत का बघा, चूल पाण्याने परत एकदा गार करा, राहिलेली लाकडं जागा बघणाऱ्यांना द्या. मग आमचा शेवटचा फेरा असतो, सगळ्यांनी हाताच्या अंतरावर एका रांगेत उभं राहायचं आणि वाकून, जमिनीकडे बघत, जागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं. मोठा कचरा कुणीही उचलतं, राहतात ते कोपरे, गोळीच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, शाम्पूच्या पुडीचं फाडलेलं टोक, रबरबँड, माचिसच्या काड्या. एकदा आमचं काहीच निघालं नाही पण आधीच्यांच्या काचा निघाल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याही घेतल्या, तिथे गुरं अनवाणी पोरांसोबत चरतात.

पिशवी गावातल्या उकिरड्यावर टाकायची नाही, तिथे ती जाळतात नाहीतर गाय खाते. डिकीत टाकून नाशिकला आणा, काचा वेगळ्या, सुका वेगळा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली की तिच्यात.